समासातलं प्रश्नचिन्ह

“बसा काका, जरा खाली बसा, म्हंजे दिसंल,” असं म्हणत मगदुमांनी मला त्यांच्या गाडीच्या डाव्या बाजूच्या मागच्या दारापाशी उकिडवं बसवलं.

सकाळचे साडेआठ झाले होते. गाडी नुकतीच धुतलेली होती. मरून रंगावर पाण्याचे थेंब अजून वाळले नव्हते, आणि दाराच्या मधोमध, हँडलच्या वीतभर खाली, तीन ओरखडे स्पष्ट दिसत होते. एक लहानशी तिरकी रेघ. तिच्या उजवीकडे एक उभी रेघ, डोक्यावर मागे वळलेली कमान घेतलेली. आणि त्या दोन्हींपासून चार बोटं लांब, एकटंच उभं असलेलं एक प्रश्नचिन्ह.

“तुमचा जन्म छापखान्यात गेला,” मगदूम म्हणाले. “सांगा बघू, ह्ये काय हाय?”

मी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. मग पुन्हा काढून पुसला.

मगदूम तोवर आपल्या परीनं वाचत होते. ही काठी, त्यांनी बोट ठेवून सांगितलं. ही छत्री. त्या वर्षी उन्हाळ्यात निवडणुका होत्या आणि आमच्या मतदारसंघात छत्री या चिन्हावर कुणीतरी अपक्ष उभा होता, त्यामुळे छत्रीपर्यंत त्यांची गाडी लगेच पोचली. पण तिसऱ्या खुणेपाशी ते अडले. वीस वर्षं त्यांनी लूनावरून जा-ये करत मिरजेच्या बाजारात खतं-बियाण्यांचं दुकान चालवलं होतं. ही त्यांची पहिली गाडी. तिच्यावर कुणी प्रश्नचिन्ह काढावं, हे ओरखड्यापेक्षा त्यांच्या जास्त जिव्हारी लागलेलं दिसत होतं.

“मांजर असेल,” मी म्हणालो.

मगदुमांनी माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. “मांजर प्रश्नचिन्ह काढतंय व्हय काका?”

आमच्यापासून चार पावलांवर बाई उभी होती. आमच्या इमारतीचा जिना झाडणं आणि खालच्या गाड्या धुणं ही कामं ती आठ वर्षं करत होती. सगळे तिला बाईच म्हणत. मगदूम ‘ए बाई’ म्हणत, मी नुसतं ‘बाई’. तिच्या हातात ओलं फडकं होतं आणि ते ती पुन्हा पुन्हा पिळत होती, जरी त्यात आता पाणी उरलं नव्हतं.

मगदूम तिच्याकडे वळले. त्यांचा आवाज चढला नाही. ते आमच्या इमारतीचे चेअरमन होते आणि चेअरमन झाल्यापासून सावकाश बोलायचा त्यांनी सराव केला होता. ते म्हणाले की, काल गाडी जत भागातून दोन दिवस फिरून आली, धुळीनं माखलेली होती, आणि चिकटलेली माती निघेना म्हणून बाईनं भांड्याची तारेची घासणी वापरली, हे उघड आहे. बाई म्हणाली, फडक्यानंच धुतली. मगदूम म्हणाले, मग हे काय आपोआप उमटलं? तिनं एकदा दाराकडे पाहिलं आणि मग खाली फरशीकडे.

“एक तारखेपास्नं दुसरी बघतो मी,” मगदूम म्हणाले.

आसपासच्या तीन इमारतींची कामंही बाईला मगदुमांच्याच शब्दावर मिळाली होती. इथून गेली म्हणजे तिथूनही जाणार, हे तिला कळलं, मला कळलं आणि मगदुमांनाही कळलं असावं, कारण ते लगेच दुसरीकडे बघायला लागले.

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. हे मला आता वीस वर्षांनी सुचतंय असं नाही, तेव्हाही सुचलं होतं. पण गुडघे धरून मी उठलो आणि एवढंच म्हणालो की, ओल्या गाडीवर नीट दिसत नाही, वाळल्यावर पाहू.

कारण त्या तिन्ही खुणा माझ्या होत्या.

त्याच्या सहा महिने आधी मी छापखान्यातून निवृत्त झालो होतो. पस्तीस वर्षं मुद्रितं तपासली. पहिल्यांदा शिशाच्या खिळ्यांवरची, मग कॉम्प्युटरवरची. निवृत्त झाल्यावर लोक फिरायला जातात, देवळात जातात. माझं तसं काही झालं नाही. माझ्यापुढे कागद यायचे बंद झाले, एवढंच झालं. बायको मुलीच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेली होती. मी घरात लग्नपत्रिका तपासायचो, औषधाच्या बाटलीवरची सूचना तपासायचो, दुधाच्या पिशवीवरचा मजकूर तपासायचो. दुधाच्या पिशवीवर दोन चुका होत्या आणि त्या रोज येत.

मगदुमांनी मला दार दाखवलं त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला मी वाचनालयातून परत आलो. लॅचची किल्ली मी जिन्यापाशीच हातात काढून ठेवतो, वर गेल्यावर खिसे चाचपायला लागू नयेत म्हणून. मगदुमांची गाडी जतची धूळ अंगावर घेऊन उभी होती. इतकी एकसारखी, इतकी मऊ धूळ बसली होती की गाडीवर पिठाचा हात फिरवल्यासारखं वाटत होतं. आणि त्या धुळीत मागच्या दारावर कुणीतरी बोटानं लिहिलं होतं: कस्तुरि.

अक्षरं मोठी होती, सुटी सुटी होती, वरची रेघ सरळ ओढलेली होती. कस्तुरि. हे कुणाचं नाव असेल, उदबत्तीचं असेल, कॉलेजात जाणाऱ्या एखाद्या मुलाच्या मनातलं असेल, असा कुठलाही विचार मी केला नाही. मला फक्त वेलांटी दिसली. शब्दाच्या शेवटी येणारा इकार दीर्घ. हा नियम मला झोपेतून उठवून विचारला तरी मी सांगेन. ऱ्हस्व वेलांटीवर मी एक तिरकी काट मारली आणि र च्या पुढे दीर्घ वेलांटी काढली. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मग मला स्तु चा संशय आला. संस्कृतात दीर्घ, मराठीत ऱ्हस्व. पण मराठीतही कुणी दीर्घ लिहितात. स्वतःची खात्री नसेल तेव्हा मुद्रितशोधकानं अक्षराला हात लावू नये, समासात, म्हणजे कडेच्या मोकळ्या जागेत, प्रश्नचिन्ह करावं आणि पुढे जावं. मी समासात प्रश्नचिन्ह केलं. त्याचं टिंब मी नेहमी जरा ठसठशीत देतो, खिळे जुळवणाऱ्या जुळारी लोकांच्या नजरेतून सुटू नये म्हणून.

मग वर जाऊन कोश काढला. एका कोशात ऱ्हस्व होता. दुसऱ्यात दोन्ही होते. रात्री जेवतानाही मी त्यावर विचार करत होतो.

मी धुळीत लिहितो आहे, असं मला वाटत होतं. हातात लाल पेन्सिल नव्हती, किल्ली होती, हे सकाळी मगदुमांनी मला उकिडवं बसवल्यावर लक्षात आलं. बोटानं लिहिलेलं पाण्याबरोबर गेलं. दुरुस्त्या राहिल्या.

तोंडानं सांगणं मला जमणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून मी पत्र लिहायला बसलो. ‘माझ्या हातून’ लिहावं की ‘माझ्याकडून’, यात पहिला दिवस गेला. ‘माझ्याकडून’ जास्त नेमकं होतं, पण ‘माझ्या हातून’मध्ये किल्लीही येत होती. दुसऱ्या दिवशी ‘अनवधानाने’ हा शब्द काढला, कारण मी अवधान ठेवूनच लिहिलं होतं. नेमकी तीच तर अडचण होती. तिसऱ्या दिवशी पत्र स्वच्छ झालं. एकही चूक नव्हती. ते मी पाकिटात घातलं आणि पाकीट कोशात ठेवलं. ते अजून तिथं असेल.

त्या तीन दिवसांत बाई रोज येत होती. जिना झाडताना माझ्या दाराशी आली की झाडूचा आवाज क्षणभर थांबे आणि मग खालच्या पायरीवर सुरू होई. मी दाराच्या आत उभा राहून तो आवाज पुढे जायची वाट बघे.

चौथ्या दिवशी मगदूमच वर आले. कंपनीच्या वर्कशॉपनं सांगितलं होतं की, ओरखडा एवढासा असला तरी अख्खं दार रंगवावं लागेल, गाडी चार दिवस ठेवून जावी लागेल, आणि जो खर्च सांगितला तो ऐकून मगदुमांना आपली लूना आठवली होती. ते म्हणाले, हे बाईच्या पगारातून वसूल करायचं म्हटलं तर तिचा नातू म्हातारा होईल.

“माझ्या ओळखीचा एक माणूस आहे,” मी म्हणालो. “स्वस्तात करेल.”

बाबालाल हा मूळचा तंबोऱ्याला पॉलिश करणारा. मिरजेत तंतुवाद्यं बनतात. त्यांतल्या एका कारखान्यात त्याचं अर्धं आयुष्य भोपळ्याच्या पाठीवर चपडीचे, म्हणजे लाखेच्या पॉलिशचे, हात देण्यात गेलं. कारखान्याचं सूचिपत्र आमच्याकडे छापायला यायचं तेव्हापासून आमची ओळख. नंतर मागणी कमी झाली, त्याचे डोळेही थकले, आणि त्यानं रेल्वे फाटकापलीकडे एक पत्र्याची शेड टाकून गाड्यांच्या ओरखड्यांचं काम सुरू केलं. अख्खं दार रंगवायचं यंत्र त्याच्याकडे नव्हतं. जेवढं खरवडलंय तेवढंच भरायचं, हे त्याचं काम.

गाडी न्यायच्या आदल्या दिवशी मी जाऊन त्याला मजुरीतला मोठा भाग गुपचूप देऊन आलो होतो आणि मगदुमांना अगदी थोडं सांग म्हणून विनवलं होतं. हीदेखील माझी चूकच झाली. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून मगदूम दचकले. इतक्या स्वस्तात होणाऱ्या कामावर त्यांचा विश्वास बसेना. ते गाडीत परत बसायला निघाले, तेव्हा मला बाबालालला डोळ्यांनी खुणावून आकडा वाढवायला लावावा लागला. तिप्पट झाल्यावर मगदुमांचं समाधान झालं आणि मग त्यांनी तो घासाघीस करून निम्म्यावर आणला.

बाई बरोबर आली होती. मगदुमांनीच तिला आणलं होतं. बाबालालनं घासणीचा ओरखडा म्हणावं आणि तिनं ते कानांनी ऐकावं, असा त्यांचा हेतू होता.

बाबालाल दाराशी मांडी घालून बसला. त्यानं आधी डोळे मिटले आणि अंगठ्याचं नख रेघेवरून हळूच आडवं फिरवलं. नख अडलं तर रेघ खोल, नाही अडलं तर वरवरची, असं तो म्हणाला. तिरक्या रेघेला नख जरासं अडलं. कमानीला अडलं नाही. प्रश्नचिन्हाच्या टिंबात मात्र ते चक्क बसलं.

“तारेच्या घासणीचं हाय न्हवं?” मगदुमांनी विचारलं.

“नाही साहेब.” बाबालालनं डोळे उघडले. “घासणी म्हागं-म्होरं जाती. तिच्या धा रेघा असत्यात, एकीला एक लागून. हे एकेकदाच ओढलंय. वरनं खाली. वळणावर जोर कमी, टिंबावर जास्त.” त्यानं पुन्हा एकदा बोट फिरवलं. “हे लिखाण हाय. आणि रोज लिवणाऱ्या माणसाचं हाय. हात कुठं अडला नाही.”

माझ्या हातात किल्ली होती. मी ती खिशात टाकली, तर ती आत चिल्लरवर पडून वाजली. बाबालालनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या खिशाकडे पाहिलं आणि तो रंगाची बाटली हलवायला लागला.

मगदूम विचारात पडले होते. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला, बेरीज जुळल्यावर माणसाचा उजळतो तसा.

“लिखाण,” ते म्हणाले. “म्हंजे बाई सुटलीच की. हिला कुठं लिहाय येतंय? अंगठा हाय ती.” आणि तिच्याकडे वळून, खऱ्या मायेनं त्यांनी विचारलं, “व्हय गं? येतंय का तुला लिहाय?”

बाई फडकं आणलेलं नसतानाही हात पिळत होती. तिनं मगदुमांकडे पाहिलं. मग, का कोण जाणे, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ती आभार मानते आहे, कारण बाबालालकडे मी आणलं होतं. मी मान खाली घातली.

“न्हाई,” ती म्हणाली. “मला कुठलं येतंय.”

“बघा,” मगदूम म्हणाले. “अडाणी हाय म्हणून वाचली.”

गाडी शेडमध्येच ठेवून रिक्षानं परत येताना ते अगदी खुशीत होते. आपण एका गरीब बाईवर अन्याय करणार होतो आणि केला नाही, याचं त्यांना मनापासून बरं वाटत होतं. एक तारखेची गोष्ट त्यांनी स्वतःहून मागे घेतली. मग शिकलेला माणूस कोण, यावर विचार सुरू झाला. माझं नाव त्यांनी उच्चारलंसुद्धा, पण फक्त ते बाजूला ठेवण्यासाठी. तुम्ही म्हंजे मुंगी दिसली तर जिना बदलणारं माणूस, ते म्हणाले. राहता राहिले दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक शहापुरे. पाण्याच्या टाकीवरून शहापुरे आणि मगदूम यांचं वर्षभर वाजत होतं. सभेत शहापुऱ्यांनी चेअरमनच्या हिशेबाबद्दल एकदा ‘इथे प्रश्नचिन्ह उभे राहते’ असं म्हटलंही होतं. मगदुमांना एवढं पुरेसं झालं. शहापुरे पुढे चार वर्षं त्या इमारतीत राहिले आणि आपल्या मजल्यावरचा जिन्यातला दिवा वेळेवर का दुरुस्त होत नाही, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

बाबालालच्या कामाला सहा दिवस लागले. मगदूम दुकानात असत म्हणून रोज दुपारी मीच जाऊन बसे. त्यानं दाराच्या आतल्या पट्टीवरचा रंगाचा नंबर बघून बाटलीभर रंग आणला होता. पण गाडी उन्हात उभी राहून राहून तिचा रंग नंबरापेक्षा जरा उतरला होता, म्हणून त्यात थेंब थेंब काळा आणि थेंबभर पिवळा घालत तो दाराच्या खालच्या, न दिसणाऱ्या कडेवर लावून बघत होता. रंग जमल्यावर आगपेटीची काडी तासून त्यानं तिचं टोक केसासारखं केलं आणि त्या टोकानं रेघेच्या आत, फक्त आत, रंग सोडला. एक थर, की दिवसभर वाळू द्यायचं. दुसऱ्या दिवशी दुसरा थर. मी विचारलं, एकदम का भरत नाहीस? तो म्हणाला, एकदम भरलेलं मागाहून बसतं आणि खळगा दिसतो. भोपळ्याला घाई चालत नाही, तसंच पत्र्याला. पाचव्या दिवशी रंग रेघेच्या किंचित वर आला, तेव्हा त्यानं बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून तो उंचवटा घासून खाली आणला. मग पांढरी पेस्ट लावून फलाटीनच्या मऊ कापडाच्या तुकड्यानं गोल गोल हात. शेवटी नुसता तळहात.

तिरकी रेघ गेली. कमान गेली. प्रश्नचिन्हावर तो बराच वेळ थांबला.

“टिंब खोल गेलंय,” तो म्हणाला. “समोरनं न्हाई दिसायचं. तिरकं ऊन पडलं की दिसंल. टिंबाला एवढा जोर कशाला लावला असंल?”

मी म्हणालो, “सवय असेल.”

“असंल.” त्यानं फलाटीन झटकलं. “आमच्यात एक हाय काका. फुटलेला तंबोरा घेऊन माणूस आला, की कुणी पाडला म्हणून विचारायचं न्हाई. पाडणाराच घेऊन येतोय बहुतेक.”

मतदानाच्या दिवशी सकाळी मगदूम मला आपल्या गाडीतूनच नगरपालिकेच्या शाळेत घेऊन गेले. पुरुषांची रांग आणि बायकांची रांग वेगळी होती. खोलीत एक पुरुष, मग एक बाई, असं सोडत होते. मगदूम माझ्या पुढे आत गेले. त्यांच्या मागे बायकांच्या रांगेतून कुणीतरी गेलं आणि तिच्या मागे मी. पहिल्या टेबलावरचा माणूस यादी बघून नावं मोठ्यानं वाचत होता, बाकावर बसलेल्या पोलिंग एजंटांना ऐकू जावं म्हणून.

“चारशे बारा,” तो म्हणाला. “कस्तुरी यल्लाप्पा ऐवळे.”

नाव ऐकून मी वर पाहिलं. माझ्या पुढे बाई उभी होती.

आठ वर्षं ती माझा जिना झाडत होती.

दुसऱ्या टेबलावर सहीचं रजिस्टर होतं आणि दोरीनं बांधलेलं पेन. मगदूम तिथंच पलीकडे बोटाला शाई लावून घेत होते. बाईनं पेन उचललं. तिनं ते बोटांत नीट बसवून घेतलं, एकदा सैल केलं, पुन्हा बसवलं. तेवढ्यात मगदुमांचं लक्ष गेलं.

“साहेब, अंगठा घ्या तिचा,” ते मदत करावी तसं म्हणाले. “लिहाय येत न्हाई तिला. आमच्या बिल्डिंगीतलीच हाय.”

बाई काही क्षण तशीच उभी राहिली. मग तिनं पेन टेबलावर ठेवलं. अगदी आवाज न करता ठेवलं. अधिकाऱ्यानं शाईचा डबा पुढे सरकवला आणि तिनं अंगठा दिला.

तिच्या खालच्या ओळीत मी सही केली. माझा हात कुठं अडला नाही.

बाहेर नळापाशी ती अंगठा धूत होती. शाई पसरत होती, जात नव्हती. मगदूम गाडी काढायला गेले होते. मी तिच्यापासून थोडा लांब उभा राहिलो. मला काहीतरी बोलायचं होतं आणि नेहमीप्रमाणे पहिलाच शब्द ठरत नव्हता.

तीच बोलली. माझ्याकडे न बघता, नळाकडे बघत.

“शेवटची वेलांटी मोठी असती, ते कळलं मला. वर्गात बाईंना इचारलं. दुपारचा वर्ग असतोय आमचा, समाजमंदिरात. पाटीवर लिवलं की पुसाय लावत्यात, दुसऱ्या अक्षराला जागा पायजे म्हणून. त्या दिवशी गाडीवर धूळ लई झ्याक बसलीती. म्हटलं, सकाळी मीच धुणार हाय.”

“तुम्ही मला पाहिलंत?” मी विचारलं.

“जिन्याखाली झाडू ठेवत हुते. किल्लीचा आवाज आला.”

“मग सांगितलं का नाही?”

“काय सांगू? आधी मी लिवलं, मग काकांनी तपासलं?” तिनं नळ बंद केला. “मला लिहाय येतंय म्हटलं असतं, तर ती काठी, छत्री माझीच झाली असती. आन् न्हाई येत म्हटलं तर सुटले. सुटले की.”

ती पदराला अंगठा पुसायला लागली. मग थांबली, कारण पदर खराब झाला असता.

“पर त्या प्रश्नचिन्हाचं मला न्हाई कळलं,” ती म्हणाली. “वर्गातल्या बाईंनाबी न्हाई सांगता आलं. माझं काय चुकलं हुतं तिथं?”

“काही नाही,” मी म्हणालो. “तिथं काही चुकलं नव्हतं. ती माझी शंका होती.”

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

“शंका तुमची,” ती म्हणाली, “आन् काढली माझ्या नावाम्होरं.”

तेवढ्यात मगदुमांनी गाडी आमच्या पुढ्यात आणून उभी केली. ते उतरले, वळसा घालून डाव्या बाजूला आले. नऊ वाजताचं ऊन शाळेच्या भिंतीवरून तिरकं दारावर पडलं होतं. मगदूम दोन पावलं मागे सरले आणि डोकं एकदा इकडे, एकदा तिकडे कलतं करून त्यांनी दार निरखलं.

“बाबालालनं हात बाकी मारला बघा. वर्कशॉपवाल्याला आणून दावला पायजे,” ते म्हणाले. “तरी मला मधनंच वाटतंय, काय तरी हाय. काका, तुमची नजर बारीक. बाई, तूबी बघ, रोज पुसतीस तू. दिसतंय का कायतरी?”

आम्ही दोघंही वाकलो. उन्हात प्रश्नचिन्हाचा पुसटसा आकडा होता, आणि त्याच्या खाली ठसठशीत टिंब.

“न्हाई,” बाई म्हणाली. “कायसुदीक न्हाई.”

“काही नाही,” मी म्हणालो.

“मग झालं तर,” मगदूम म्हणाले आणि त्यांनी तेच दार उघडून मला आत बसवलं. बाई चालत निघाली. तिच्या तीन इमारती झाडायच्या राहिल्या होत्या.